खुलासा: ‘स्टीलमध्ये फॉस्फरस ०.०२ टक्केच आहे, काही होत नाही’

वर्कशॉपवाल्यांमध्ये फिरणारा हा मेसेज अर्धाच खरा. ०.०२ टक्के ही सरासरी झाली. निकेल-क्रोम स्टील ३७५ ते ५७५ अंश सेल्सिअसमध्ये रेंगाळलं, की फॉस्फरस, कथील, अँटिमनी कणसीमांवर (स्टीलमधल्या बारीक स्फटिककणांच्या सांध्यांवर) गोळा होतात आणि तिथली पकड ढिली करतात. तिथलं प्रमाण सरासरीच्या शंभरपटही होऊ शकतं. मग तडा सीमेसीमेनेच धावतो, तुटलेला भाग खडीसाखरेसारखा चमकतो. टेन्साइल टेस्टमध्ये (नमुना ताणून बघण्याच्या चाचणीत) हा ठिसूळपणा सहसा कळतच नाही, चार्पी (खाच पाडलेल्या नमुन्यावर हातोड्याचा आघात करण्याची चाचणी) घ्यावीच लागते. १९६९ साली इंग्लंडमधल्या हिंकली पॉइंट ए या अणुवीज केंद्रात टर्बाइनची डिस्क फुटली ती अशाच ठिसूळ झालेल्या स्टीलमुळे. मूळ तडा जेमतेम दीड मिलिमीटरचा! साध्या कार्बन स्टीलला हा धोका फारसा नाही, तेवढ्यापुरता मेसेज बरोबर. ६०० अंशांवर तापवून झटपट थंड केलं, तर हा ठिसूळपणा जातोही.