तेलकट मातीवर मीठ टाकू नका

पुण्यात गॅरेजवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: सांडलेल्या ऑइलवर खडेमीठ आणि जिवाणूंची पावडर टाका, आठ दिवसांत माती साफ. हे चुकीचं आहे.

हॅलोमोनास, मरीनोबॅक्टरसारखे मीठ सोसणारे जिवाणू आधीच खारट असलेल्या जमिनीसाठी, म्हणजे किनारा किंवा तेलविहिरींच्या खाऱ्या पाण्याने भिजलेली माती. भोसरीच्या मुरमात मीठ टाकलंत तर तिथले तेल खाणारे जिवाणूच मरगळतील.

त्यांना खरी टंचाई असते हवेची आणि नत्राची. कर्ब, नत्र, स्फुरद हे प्रमाण साधारण १००:१०:१ धरतात. एक किलो तेलामागे सुमारे १८० ग्रॅम युरिया आणि १२० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, तेही तीन-चार हप्त्यांत; एकदम ओतलं तर अमोनियानेच जिवाणू मरतात. माती फूटभर थरात प्लास्टिकवर पसरा, आठवड्याला उलथा. ओल इतकी, की मुठीत दाबल्यावर लाडू वळावा, पण पाणी गळू नये. चिखल झाला की हवा बंद, काम ठप्प.

यालाही महिने लागतात, दिवस नाही. जळक्या ऑइलमधलं शिसं, जस्त तर कुठलाच जिवाणू खात नाही. डबक्यातलं तेल आधी उपसून अधिकृत रिसायकलरकडेच द्या.