खुर्चीत बसल्याचं सर्टिफिकेट

सकाळपासून डोकं तापलंय, त्यामुळे हे लांबणार. ज्यांना पावसात भजी खात दोन ओळींच्या पोस्ट वाचायच्या आहेत त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

माझ्या चुलतभावाची मुलगी देवगड तालुक्यात राहते. बीएससी आयटी झालीय आणि बरेच महिने घरी बसून प्रोग्रामिंगचा अभ्यास करतेय. घरी बसून म्हणजे म्हणायला घरी. वाडी खाली, रेंज वर सड्यावर. पाऊस नसला की पोरगी लॅपटॉप पिशवीत घालून सड्यावर जाते, हवं ते उतरवून घेते आणि खाली येऊन वाचते. तिला एका मोठ्या परदेशी कंपनीच्या सर्टिफिकेटची परीक्षा द्यायचीय. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. परीक्षेची फी तिने शिकवण्या घेऊन साठवली होती. पण नुसती फी भरून चालत नाही. त्या कंपनीने नेमलेल्या ‘अधिकृत पार्टनर’कडून आधी कोर्स करायचा, मगच परीक्षेला बसायला मिळणार. कोर्सची फी परीक्षेच्या कितीतरी पट, वर १८ टक्के जीएसटी. भावाने कुठून तरी भरली. कुठून, ते मी विचारलं नाही.

कोर्स ऑनलाइन, पण लाइव्ह. कॅमेरा चालू ठेवायचा, हजेरी मोजली जाणार. आणि महिना जुलै! गेल्या आठवड्यातल्या वाऱ्यात फणसाची फांदी तारांवर पडली, लाईट गेली ती दोन दिवसांनी आली. टॉवरही बसला. हजेरी कमी भरली. आज सकाळी मेल आली, आपला कोर्स अपूर्ण आहे, कृपया पुन्हा नोंदणी करावी. पुन्हा नोंदणी म्हणजे पुन्हा पैसे.

“आत्ये, लाईट काय मिया घालवलंय?” एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

मला रडू आलं नाही. मला अंधेरीचा तो वर्ग आठवला.

मी तेव्हा कणकवलीत एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळायचे. सांभाळायचे म्हणजे अर्धंअधिक मीच लिहिलेलं होतं. पिग्मीचा हिशेब, कर्जाचे हप्ते, मार्चअखेरचं व्याज, सगळं. मुंबईतल्या एका कंपनीने मुलाखत घेतली, काम आवडलं म्हणाली आणि वर सर्टिफिकेट आणा म्हणाली. सर्टिफिकेटला कोर्स सक्तीचा, आणि कोर्स फक्त मुंबई, पुणे, बंगळूर इथे. बाबांनी आंब्याच्या दलालाकडून उचल घेतली. कलमांना मोहोर नीट धरला नव्हता तेव्हाची गोष्ट आहे. उचल घेतली की आंबा त्यालाच घालायचा, तो देईल त्या भावाने. हे मी देवगड-राजापूरच्या लोकांना काय सांगायचं!

कोकणकन्येने गेले, नालासोपाऱ्याला मामाकडे राहिले, रोज सकाळी लोकलमध्ये लटकून अंधेरी. एसी वर्ग, गुळगुळीत फाइल, कंपनीच्या नावाचं पेन. आणि समोर एक मुलगा पडद्यावरच्या स्लाइड वाचून दाखवतोय. ज्या स्लाइड मी कणकवलीत बसून आधीच वाचल्या होत्या, कारण तेच सगळं कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर फुकट होतं.

मधल्या एका दिवशी त्याचा प्रात्यक्षिकाचा प्रोग्राम अडकला. व्यवहार अर्धवट राहिला तर मागचं सगळं पूर्ववत व्हायला हवं, ते होत नव्हतं. पतसंस्थेत हे झालं तर गावात तोंड दाखवता येत नाही, म्हणून मला ते झोपेतही येतं. मी उठले, दोन ओळी बदलून दिल्या, चाललं. जेवणाच्या सुट्टीत तो ताट घेऊन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही इथे कशाला आलात?”

त्या मुलावर माझा राग नाही. बिचारा खरं बोलला. त्यालाही वरून स्लाइड दिलेल्या, महिन्याला बॅचेसचं टार्गेट दिलेलं. नंतर मला त्याने स्वतःच्या वहीतले काही प्रश्न काढून दिले, तेवढाच त्या आठवड्यातला माझा खरा अभ्यास.

राग आहे तो मागच्या रांगेतल्या गृहस्थाचा. तसा त्याचाही नाही. त्याच्या कंपनीने पैसे भरले होते, त्याला आठवडाभर ऑफिसातून सुटका मिळाली होती. त्याने कानात बोंडं घालून क्रिकेट बघितलं, दुपारी झोप काढली आणि शेवटच्या दिवशी त्याला आणि मला अक्षरशः सारखाच कागद मिळाला, त्याच सहीचा. तो कागद काय सांगतो? की ही दोन माणसं या खुर्च्यांत बसली होती.

आता मला सांगा, परीक्षा कशासाठी असते? मला येतं की नाही हे बघायला ना? मग मी ते कुठे शिकले, अंधेरीत की करवंदीच्या जाळीशेजारी, याच्याशी तुमचं काय देणंघेणं? अहो, आपल्या दहावी-बारावीच्या बोर्डाला जे कळतं ते या जगप्रसिद्ध कंपन्यांना कळू नये? १७ नंबरचा फॉर्म भरा, शाळेत न बसता बाहेरून परीक्षा द्या. हॉटेलात काम करणारी पोरं, लग्न होऊन गेलेल्या बायका या फॉर्मवर दहावी झाल्यात. माझी काकू झालीय. आपला कोकण विभाग निकालात दरवर्षी पहिला येतो म्हणून आपण मिरवतो, आणि त्याच पोरांना पुढे हे लोक सांगतात की अभ्यास केलास ते ठीक, पण आमच्या दुकानातून घेतला नाहीस.

केंद्र सरकारच्या नायलिट या संस्थेच्या कॉम्प्युटरच्या ओ लेव्हल, ए लेव्हल परीक्षा, ज्यांना जुने लोक अजून डोएक म्हणतात, त्यासुद्धा ठरावीक पात्रता आणि अनुभव असेल तर संस्थेत न जाता थेट देता येतात. सरकारी कारभाराला आपण एवढी नावं ठेवतो, पण इथे सरकार शहाणं निघालं.

काही जण म्हणतील, हे हल्लीचं फॅड आहे. नाही हो. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा ‘सन’ कंपनीकडे होती तेव्हा त्यांची डेव्हलपरची परीक्षा काय सुंदर होती! एक अख्खा प्रोग्राम घरी बसून लिहायचा, पाठवायचा, मग केंद्रावर जाऊन तो असा का लिहिला याची लेखी उत्तरं द्यायची. चोरी करायला जागाच नाही. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि २०११ मध्ये त्या डेव्हलपरच्या आणि आर्किटेक्टच्या वरच्या पायरीला कोर्स सक्तीचा केला. अख्खा प्रोग्राम लिहून दाखवणाऱ्या माणसालासुद्धा आधी वर्गात बसून ये! (माझी परीक्षा त्यांची नव्हती आणि भाचीचीही नाही, उगाच अर्थ काढू नका.)

स्क्रममध्ये, म्हणजे टीमने सॉफ्टवेअरचं काम छोट्या टप्प्यांत करायच्या पद्धतीत, तर गंमतच आहे. स्क्रम अलायन्सचं स्क्रममास्टर सर्टिफिकेट हवं तर त्यांचा कोर्स केल्याशिवाय गत्यंतर नाही. तीच संस्था उभी करणाऱ्यांतले केन श्वेबर २००९ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी स्क्रम डॉट ऑर्ग काढली. तिथल्या पहिल्या पायरीच्या परीक्षेला ८० प्रश्न, ६० मिनिटं आणि पास व्हायला ८५ टक्के. कोर्स करायचा तर करा, नाहीतर नका करू. विषय तोच, मुळात माणूसही तोच. मग कोर्सशिवाय स्क्रम येत नाही हे कुणी ठरवलं?

बरं, डम्प, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, पाठ करून पास होणारे असतात, हे मान्य. त्यांच्यामुळे सर्टिफिकेटची किंमत जाते, तेही मान्य. पण डम्पवाला कोर्सला बसला तर तो काय गंगेत न्हाऊन निघतो? मागच्या रांगेतला तो क्रिकेटवाला आठवा. पाठांतर रोखायचं असेल तर परीक्षा अवघड करा, हाताने करून दाखवायला लावा. कुबरनेटीस या, अनेक सर्व्हरवर प्रोग्राम चालवणाऱ्या प्रणालीची सीकेए परीक्षा बघा. दोन तास, समोर कमांड टाइप करायचं टर्मिनल, बिघडलेलं क्लस्टर म्हणजे सर्व्हरचा गट, कर दुरुस्त. अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडून बघायचीही मुभा आहे. कोर्स सक्तीचा नाही. तिथे येऊन करा की चोरी!

आमचा एक मावसभाऊ जहाजावर आहे, तो लगेच म्हणणार की आम्हालाही एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे जहाजावरच्या लोकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले, कोर्स सक्तीचे असतात. असू देत की. भर समुद्रात आग लागली तर विझवता यायला हवी, पाण्यात पडलं तर तराफ्यावर चढता यायला हवं, ते पुस्तकात वाचून जमत नाही, आणि तिथे माणसं मरतात. ते मला पटतं. पण इथे काय मरणार होतं? जावा फुकट उतरवता येते, पोस्टग्रेस डेटाबेस फुकट उतरवता येतो, चुकलं तर पुसून परत लिहायचं. पोरीने लॅपटॉपवर शंभरदा चुका केल्या तरी कुणाच्या केसाला धक्का लागत नाही.

मी शिकवणीच्या विरोधात नाही, हे पण सांगते, नाहीतर आमचे क्लासवाले मित्र रुसतील. चांगला शिक्षक मिळाला तर पैसे देऊन शिकावं, मी स्वतः शिकलेय. ज्याला गरज आहे त्याने जावं. पण दारात उभं राहून टोल घ्यायचा आणि त्याला ‘गुणवत्ता’ म्हणायचं, हे नाही चालणार.

आणि हा टोल सगळ्यांना सारखा नाही हो. बेंगळुरातल्या पोराची कंपनी भरते. पुण्यातल्या पोराला घरचं वायफाय, इन्व्हर्टर. आमच्याकडे बाप उचल घेतो. मी परत आले तेव्हा बाबा स्टेशनवर घ्यायला आले होते. स्कूटरवर मागे बसले तर म्हणाले, “काय नवीन शिकलंस गो?” मी म्हटलं, खूप शिकले बाबा. दुसरं काय सांगणार होते? त्या वर्षी आंबा त्यांनी दलालाला ठरल्या भावाने घातला आणि बाहेर भाव चढलेला होता.

आता भाचीचं काय? मी तिला सांगितलंय, परत पैसे भरायचे नाहीत. कोर्स न मागणारी दुसरी परीक्षा निवड, आणि तू लिहिलेलं सगळं गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांना बघता येतो त्या साइटवर, टाक. पण तिला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे की नोकरीच्या जाहिरातीत त्या एकाच सर्टिफिकेटचं नाव असतं. ते नाव तिथे कोण लिहितं? तुम्ही. माझ्या यादीतले निम्मे लोक आज मॅनेजर झालेत, माणसं घेतात. ‘सर्टिफिकेट अनिवार्य’ ही ओळ एचआरने मागच्या वर्षीच्या जाहिरातीतून उचललेली असते आणि तुम्ही न वाचता पुढे पाठवता. उद्या ऑफिसात गेलात की ती काढा. पोरांना अर्धा तास कोड लिहायला बसवा, कळेल तुम्हाला.

आणि कमेंटमध्ये ‘एवढी फी परवडत नाही तर आयटीत कशाला यायचं’ असं कुणी लिहिलं तर मी ब्लॉक करणार आहे, नातेवाईक असला तरी.

ताजा कलम : सकाळी भाचीच्या वतीने त्या पार्टनरला मी लांबलचक मेल टाकली होती, वादळाचे, पडलेल्या फांदीचे फोटो जोडून. एवढं सगळं टाइप करेपर्यंत उत्तर आलं. आपली अडचण आम्ही समजू शकतो, आपल्या सोयीसाठी फीमध्ये थोडी सवलत देऊन पुढच्या बॅचमध्ये जागा राखून ठेवत आहोत, पूर्ण हजेरी आवश्यक.

पुढची बॅच कधी आहे, तर गणपतीत.