टाकी फुल करून इंजिन झाकून ठेवायचं? थांबा जरा

मेअखेर आली, बोटी वर ओढायचे दिवस आले, की तारकर्ली-देवबागच्या ग्रुपांवर तोच मेसेज फिरायला लागतो. 'आउटबोर्डला, म्हणजे बोटीच्या मागे लावतात त्या इंजिनाला, पावसाळ्यात काही करावं लागत नाही. टाकी गच्च भरा, म्हणजे आत दमट हवा राहत नाही. सीझन संपताना एकदा गोडं पाणी फिरवा. मागून पाण्याची धार पडतेय ना, मग कूलिंग ओके. पेट्रोलमध्ये मिसळायला बाइकचं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल चालतं, फक्त थोडं जास्त घाला. इंजिनाला लावलेल्या जस्ताच्या तुकड्यालाही रंग मारा, टिकतो. वरून ताडपत्री.' खाली अंगठ्यांची रांग.

आधी टाकी, कारण माझं इंजिन तिथंच गेलं. टाकी भरलेली असली की बाष्प कमी, हा हिशेब जुन्या पेट्रोलचा. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे लिटरमागे २०० मिली इथेनॉल, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल राहिला तर तीन महिने कोकणची हवा त्यातून ये-जा करते. पाणी पुरेसं साचलं की इथेनॉल त्याला घेऊन तळाला बसतं. टू-टी ऑइल मात्र वर, पेट्रोलसोबत राहतं. आणि नळी ओढते तळातून! नारळी पौर्णिमेनंतर इंजिन सुरू करायला पहिली दोरी मारता तेव्हा इंजिनाला मिळतं ते वंगण नसलेलं पाणी-इथेनॉल. खात्री करायची तर तळातलं थोडं पारदर्शक बाटलीत काढून अर्धा तास ठेवा. मध्ये रेघ दिसली तर ते इंजिनात घालू नका. म्हणून छोटी सुटी टाकी रिकामीच ठेवायची. शेवटच्या दिवशी इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये चालू ठेवून पेट्रोलची नळी काढा, ते आपोआप बंद पडू द्या, मग कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सोडून उरलंसुरलं गाळा. प्लग काढून भोकांत थोडं ऑइल सोडायचं आणि फ्लायव्हील हातानं फिरवायचं. दहा मिनिटांचं काम.

गोडं पाणी सीझनला एकदा? खाऱ्या पाण्यात चाललेलं इंजिन तापलेलं असतं, आतल्या वाटांत मीठ तिथंच वाळतं आणि थरावर थर चढतो. रोज बोट लागली की दहा-पंधरा मिनिटं, तेही इंजिन कोमट होऊन थर्मोस्टॅट (उष्णतेनं उघडणारी पाण्याची झडप) उघडेपर्यंत. नाहीतर पाणी अर्ध्या वाटेतूनच परत येतं.

धारेचं प्रकरण गमतीचं आहे. अनेक इंजिनांत ती धार थर्मोस्टॅटच्या आधीच फुटते, त्यामुळे धार झकास आणि इंजिनाचं डोकं तापलेलं, असं होऊ शकतं. उलटही होतं. शेजारच्या पोरानं धार नाही म्हणून अख्खा खालचा भाग उतरवला, इंपेलर, म्हणजे पाणी वर ढकलणारं रबरी चाक, नवा घातला, आणि नंतर कळलं की धारेच्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. आधी बारीक तार घालून बघा, मग पाने हातात घ्या. इंपेलरची रबरी पाती तुटलेली निघाली तर मात्र तुकडे मोजा. एखादा कमी असेल तर तो वर कुठल्यातरी वाटेत अडकलेला असतो.

ऑइलचं थोडक्यात. बाइकचं टू-टी हवेनं थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, त्याची राख इथं प्लगवर आणि रिंगांत बसते. डब्यावर टीसी-डब्ल्यू३, म्हणजे पाण्यानं थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या ऑइलची खूण, लिहिलेलंच घ्या. कंपनीनं ५०:१ (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल) सांगितलं असेल तर १० लिटरला २०० मिली, चमचाभरही जास्त नको. जास्त ऑइल म्हणजे तेवढं पेट्रोल कमी आणि धूर जास्त.

जस्ताला रंग मारला की तो टिकतो, हे अगदी खरं आहे. त्याचं कामच झिजायचं असताना तो झिजत नाही, आणि समुद्र त्याऐवजी ॲल्युमिनियमची गिअरपेटी खातो. अर्धा संपला की बदला. तेव्हाच गिअर ऑइलही काढून बघा. दुधाळ निघालं तर सीलमधून पाणी शिरतंय. पंखा काढला की बऱ्याचदा शाफ्टला गुंडाळलेला तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) सापडतो, सील तोच कापतो.

ताडपत्रीबद्दल माझी तक्रार नाही. फक्त ती खाली आवळून बांधू नका, हवा खेळू द्या. आणि इंजिन आडवं टाकू नका, उभंच ठेवा, म्हणजे आतलं पाणी खाली निथळून जातं.