मला माझ्याच गल्लीत राहायचंय

"तू इथं कशाला राहतेस? पुण्याला जा, तिथं कुणी कुणाला विचारत नाही." असं सांगणारी माणसं मला अधूनमधून भेटतात आणि सगळी काळजीपोटीच सांगतात. पण जिथं कुणी विचारत नाही तिथं जाऊन मी काय करू? मला विचारणारी माणसं हवीत. फक्त 'ही कुठं निघाली, हिनं काय नेसलंय' याच्या पुढचंही त्यांनी विचारावं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, माझे मालक गेले. पुढं जे होतं ते माझंही झालं. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, सगळं. ज्या आत्याबाईंनी माझ्या हातातल्या बांगड्या उतरवल्या, त्याच नंतर कितीतरी दिवस संध्याकाळी भाकरी-कालवण घेऊन दारात उभ्या असायच्या. आमच्या घरात कुणी कोविडच्या भीतीनं पाऊल टाकत नव्हतं, तेव्हा त्या येत होत्या. शहरातल्या मैत्रिणींना हे दोन्ही एकत्र पटत नाही. मला दोन्ही खरं वाटतं, आणि म्हणूनच या माणसांवर पाणी सोडून निघून जाणं मला जमत नाही.

मी शिवणकाम करते. लग्नसराईत माझ्या मशिनवर हिरव्या रंगाचा नुसता ढीग असतो. खणाचे, पैठणीचे, काठ जुळवून शिवायचे ब्लाउज. नवरी मापाला येते, तिच्या पाठीवर मी टाचण्या लावते, बाहीला काठ नेमका कुठं यायला हवा ते ठरवते. निघताना तिची आई हळूच म्हणते, "तुम्ही आता दमला असाल वहिनी, हळदीला नाही आलात तरी चालेल." तिला मला दुखवायचं नसतं. पण माझ्या हाताचा ब्लाउज मांडवात चालतो आणि मी चालत नाही, हे ऐकून घ्यायला मला दरवेळी तितकाच त्रास होतो. तो सवयीनं कमी झालेला नाही.

माझ्यात जो बदल झाला तो 'उमेद'च्या, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटात झाला. कर्ज मिळालं, त्यातून पिको-फॉलचं मशिन आलं, ते आहेच. पण खरी गोष्ट वेगळी आहे. बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकीनं स्वतःचं नाव सांगायचं असतं. गल्लीत जिला सगळे 'पप्याची आई' म्हणतात तिचं नाव सुलोचना आहे, हे मला तिथं कळलं. आणि अक्षर बरं म्हणून इतिवृत्ताचं रजिस्टर माझ्याकडे आलं.

आधीचं रजिस्टर म्हणजे 'बचत जमा झाली, कर्जाबाबत चर्चा झाली' एवढंच. मी चर्चा लिहायला लागले. कोण काय म्हणाली, कोणी कशाला विरोध केला, नावासकट. पुढच्या बैठकीत मागचं वाचून दाखवायचं असतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा सुलोचनाकाकू म्हणाल्या, "अगं, हे मी बोलले होते? पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. त्यानंतर बायका लिहून घेण्यासाठी बोलू लागल्या. "हे माझं घाल गं," असं सांगून बोलू लागल्या. त्यांचं वाचता वाचता माझाही आवाज मोठा झाला. दीर समोर बसलेले असताना मी ग्रामसभेत उभी राहून पाण्याच्या वेळेबद्दल बोलले, ते त्या रजिस्टरमुळं.

आणि मग मी नवऱ्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायचा विषय काढला. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. नवरा मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलं आणि त्याची आई यांना समान वाटा मिळतो, हे त्यात स्पष्ट आहे. पण कायदा असला तरी अर्ज करावाच लागतो. घरात महिनाभर अबोला झाला. भावकीतले दोघे-तिघे समजूत काढायला येऊन गेले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "तिच्या नवऱ्याचं आहे, तिनं मागितलं तर काय बिघडलं?" फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, मंजूर झाला. आता त्या हिश्श्याला सासूबाई, मी आणि माझी मुलगी, अशा तिघींची नावं आहेत. तेव्हापासून दीर बांधावरचं काही करायचं असलं की आधी विचारतात. नातं तुटलं नाही. उलट पूर्वी ते माझ्याशी बोलायचेच नाहीत.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं सांगितलं. त्या ठरावाचं मोल मी जाणते. कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत, असं एका गावानं लेखी म्हणणं ही मोठी गोष्ट आहे. पण त्यानंतर आमच्या भागात एक नवीनच चाल पडली: विधवांसाठी वेगळं हळदीकुंकू. स्टेज, बॅनर, साडी, पाहुण्यांची भाषणं, फोटो. मी एकदा गेले, पुन्हा जाणार नाही. मला सत्कार नको. माझ्या जावेच्या घरी संक्रांतीला जी सतरंजी अंथरली जाते तिच्यावर, सुलोचनाकाकूंच्या शेजारी, मला बसायचंय. वाणात प्लास्टिकची डबी मिळाली तरी चालेल. वेगळ्या कार्यक्रमानं गावाला वाटतं की काम झालं, आणि घराघरातली सतरंजी तशीच राहते.

यंदा जावेनं बोलावलं. एका आजींनी मला कुंकू लावताना हात आखडला आणि पुढं गेल्या. मी उठून गेले नाही. सुलोचनाकाकूंनी करंडा घेतला आणि मला लावलं, आणि बोलणं पुढं सुरू राहिलं. त्या आजींचं मन वळेल की नाही सांगता येत नाही. मी पुढच्या वर्षीही जाणार आहे.

रंगीत साडी मी आता रोज नेसते. पोपटी मला पहिल्यापासून आवडतो. सासूबाई कित्येक वर्षं फिकटच नेसत आल्यात, त्यांना मी कधी आग्रह केला नाही. परवा त्यांनीच मोरपंखी कापड पुढं केलं आणि म्हणाल्या, "आतून खिसा ठेव, गटाचे पैसे ठेवायला."

आता कामाचं. ज्यांची वारसनोंद राहिलीय त्यांनी मंगळवारी गटाच्या बैठकीला या. मृत्यूचा दाखला, सातबारा, रेशनकार्ड आणि सगळ्या वारसांचे आधारकार्ड घेऊन या. अर्ज सरकारच्या ई-हक्क पोर्टलवरूनही करता येतो, तो भरून द्यायला मी बसेन. सासरच्या माणसांशी बोलायला एकटीला भीती वाटत असेल तर तसं सांगा, आम्ही दोघी-तिघी सोबत येऊ.