मोठी पिल्लं घर का सोडत नाहीत? : एका प्रतिक्रियेला उत्तर

कावळ्यांच्या कुटुंबांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही ‘माणसाच्या भावना पक्ष्यांवर लादण्याचा प्रकार’ म्हटलंत. तुमच्या मते मोठी झालेली पिल्लं आयत्या अन्नासाठी आईबापांजवळ थांबतात आणि धाकट्यांना भरवणं हा देखावा असतो.

यातल्या पहिल्या भागावर माझं भांडण नाहीच. थांबण्यात फायदा असतोच. युरोपात बहुतेक ठिकाणी कॅरियन क्रो ही जात जोडीनं राहते, उत्तर स्पेनमध्ये मात्र गटानं. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्वित्झर्लंडमधली अंडी स्पेनमधल्या घरट्यांत ठेवली गेली. त्यातून वाढलेली बहुतेक पिल्लं तिथेच राहिली, काहींनी पुढे धाकट्यांना भरवलंसुद्धा. स्वित्झर्लंडमधली त्यांची भावंडं मात्र वेळेवर उडून गेली. म्हणजे राहायचं की जायचं हे बरंचसं परिस्थिती ठरवते. इथपर्यंत आपलं एकमत.

पण देखावा? तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा तुम्ही दिलाच नाहीत, म्हणून मीच देतो. याच कावळ्यांत कधी कधी पिल्लाच्या चोचीत घातलेला घास परत काढून स्वतः गिळला जातो. लबाडीच वाटते! पण हे खुद्द आईबापही करतात. पिल्लाची भूक किती आणि आपली किती, याचा तो हिशेब असल्याचं संशोधकांना आढळलं.

आळशी सदस्यही असतातच. गटात राहून घरट्याकडे न फिरकणारे. 2010 च्या अभ्यासात घरट्यातल्या एका पालकाच्या पंखांची काही पिसं कापली, त्यामुळे त्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तूट भरून काढायला दुसरा पालक पुढे आला नाही. आले ते गटातले इतर, आणि आधी जो जितका कमी राबत होता त्यानं तितका जास्त भार उचलला. नुसतं आयतं खायचं असतं तर नेमक्या अडचणीच्या वेळी त्यांनी काम का वाढवावं? माझ्या मते ते राखीव मनुष्यबळ आहे. (‘मनुष्यबळ’ म्हटलं, तर पुन्हा रागवाल!)

‘असं फार तर एखादं वर्ष चालत असेल’ हेही पटलं नाही. अमेरिकन क्रोच्या एका कुटुंबात 15 पर्यंत पक्षी असू शकतात, तेही पाच वेगवेगळ्या वर्षी जन्मलेले. त्यातला एखादा नर पुढे जोडी जमवतो तेव्हाही कधी कधी फार लांब जात नाही, आईबापांच्याच हद्दीचा एक तुकडा घेऊन घरटं बांधतो.