आमटी खारट झाली असेल तर पहिल्या पंगतीतच सांगा

चारचौघांत स्वयंपाक बिघडला म्हणून कुठलं घर बसत नाही. पण बिघडलेला स्वयंपाक सगळ्या पंगतीनं मान खाली घालून, "वा, छान झालंय हं," म्हणत गिळायचा, याला आपण सभ्यपणा म्हणतो, आणि मला तो शुद्ध आप्पलपोटेपणा वाटतो. आपण वाईट दिसू नये म्हणून मागच्या पंगतीतल्यांना खारट आमटी खाऊ घालायची!

गेल्या महालक्ष्म्यांची गोष्ट. इथेच, इंदुरात, सुदामानगरात नात्यातल्या काकूंकडे जेवण होतं. पुरणावरणाचा घाट, घर माणसांनी भरलेलं, स्वयंपाकघरात दोघी जावा आणि मदतीला येणाऱ्या-जाणाऱ्या आम्ही सगळ्या. थोरलीनं कटाच्या आमटीत मीठ घातलं आणि तिला कोणीतरी आरतीचं तबक शोधायला बाहेर बोलावलं. धाकटीनं आमटी उतरवताना, राहिलं असेल म्हणून, पुन्हा घातलं. चूक म्हणायची तर एवढीच. दोघींपैकी कोणाची, ते तुम्हीच ठरवा.

पहिली पंगत पुरुषांची आणि मुलांची. मी वाढायला होते. वाढणाऱ्याला सगळं दिसतं. आमटीच्या वाट्या तशाच भरलेल्या, पाण्याचा जग सारखा फिरतोय, मठ्ठ्याला भलतीच मागणी. तरी "आमटी?" म्हटलं की पानावर हात आडवा आणि वर, "नको, पोट भरलं. फक्कड झालीय!" मी आत जाऊन वाटीत घेऊन चाखली आणि काकूंना हळूच म्हटलं, "काकू, आमटीत मीठ दोनदा पडलंय."

काकूंचा चेहरा उतरला, ते खरं आहे. आणि शेजारी पापड तळत असलेल्या एक आत्याबाई माझ्यावरच घसरल्या, "असं बोलतात का गं? सणाच्या दिवशी अन्नाला नावं ठेवतेस?"

अहो आत्या, नावं कुठे ठेवली? ओट्याखाली कटाचं अर्धं पातेलं बिनमिठाचं तसंच पडलं होतं. ते आमटीत ओतलं, चिंच-गूळ थोडा वाढवला, चमचाभर गोडा मसाला घातला, एक उकळी आणली. दुसरी पंगत बसली तेव्हा आमटी बोटं चाटून संपली. हे पहिल्या पानावरच्या पहिल्या माणसानं सांगितलं असतं तर पहिल्या पंगतीलाही मिळाली असती की. आणि जेवणं झाल्यावर बाहेर सुपारी कातरत तीच मंडळी म्हणतात काय, "आम्हाला पहिल्या घासालाच कळलं होतं!" मग तोंडात काय गुळणी धरली होती का?

आपल्याकडे ही फजिती सणालाच जास्त का होते, यालाही कारण आहे. नैवेद्य दाखवेपर्यंत चाखायचं नाही. म्हणजे मीठ हाताच्या अंदाजानं. तो अंदाज आजी-पणजीकडून आलेला, खड्याच्या मिठाचा. पुडीतलं बारीक मीठ एका चमच्यात जास्त मावतं, वजनाला जास्त भरतं. तेवढेच चमचे घातले की पदार्थ खारट होणारच. त्यात रोजची चार माणसांची आमटी त्या दिवशी बादलीभर करायची. सोवळं मोडा असं मी म्हणत नाही. नैवेद्याचं पान देवापुढे ठेवल्यापासून पंगत बसेपर्यंत आरती होते, मंत्रपुष्पांजली होते, प्रसादाची वाटावाट होते. एवढ्या वेळात एकीनं सगळी पातेली चाखावीत. अडचण अशी, की नेमकं तेव्हाच सगळ्यांना आरतीला बोलावतात, आणि जिनं रांधलं ती शेवटच्या पंगतीत जेवते. स्वतःची चूक गावाला कळून झाल्यावर तिला कळते.

कमेंटमध्ये कोणीतरी बटाटा घेऊन येणारच, म्हणून आधीच सांगते. बटाटा किंवा कणकेचा गोळा मीठ वेचून शोषत नाही. तो खारट पाणी पितो, मागे उरलेली आमटी तितकीच खारट राहते. बिनमिठाचं काहीतरी वाढवणं हाच खरा उपाय: कट, शिजवलेली डाळ, नारळाचं दूध, काहीच नसेल तर पाणी. गूळ-लिंबानं जीभ थोडी फसते, बस. म्हणून मीठ कमीच घालावं. कमी पडलं तर पानात डाव्या हाताला वाढलेलं असतंच.

आता दुसरी बाजूही ऐका. सगळंच बोलायचं असं नाही. साखरभातात साखर आधी पडली आणि शीत कच्चं राहिलं, तर ते काही आता शिजायचं नाही. तिथे गप्प खावं, तूप मागून घ्यावं. खीर खाली लागली असेल तर बुड न खरवडता वरची खीर दुसऱ्या पातेल्यात काढता येते. तेवढं वेळेवर सांगावं, पण करपट वास एकदा सगळीकडे भरला की सांगून फक्त त्या बाईचा जीव कासावीस होतो. सुधारता येण्यासारखं असेल तर तोंड उघडा, नसेल तर मिटा.

आणि सांगायचं ते आत जाऊन, एकीला, हळू. पंगतीत बसून "आज हिचं लक्ष कुठे होतं कोण जाणे" असं पाहुण्यांना ऐकवणारे नवरे मला मुक्या पाहुण्यांहून नकोसे वाटतात. त्यांना आमटीचं काही पडलेलं नसतं, हशा हवा असतो.

गंमत म्हणजे हीच माणसं रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, उभी असतात तेव्हा त्यांची जीभ बरोबर चालते. "भैया, गराडू में नमक तेज है." "जीरावन और डालो." गराडू म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडी, जीरावन त्यावर भुरभुरायचा मसाला. सकाळी पोह्यांच्या टपरीवर शेव कमी पडली तरी प्लेट परत पुढे करतात. पोहेवालाही रुसत नाही, मूठभर शेव टाकून मोकळा होतो. "डग डग रोटी, पग पग नीर" म्हणवणाऱ्या माळव्यात खाण्याबद्दल स्पष्ट बोलायची लाज कधीच नव्हती. ती फक्त घरच्या पानावर येते.

यजमानीणबाईंनाही एक सांगते. "कसं झालंय?" असं विचारू नका. त्याला एकच उत्तर येतं. "मीठ बरोबर आहे का?" असं विचारा, आणि तेही काका-मामांना नको. पहिल्या पंगतीत शाळकरी पोरं असतातच; त्यांच्यातलं सगळ्यांत आगाऊ कोण ते हेरून आमटी आधी त्याच्या वाटीत वाढा.