पिवळी चिठ्ठी खिशात ठेवा आणि फीडबॅक सविस्तर द्या

सॉफ्टवेअरच्या टेस्टिंग आणि इंटिग्रेशनवाल्यांचं ते खुल्या पद्धतीचं संमेलन आपल्या इंदूरला झालं आणि आता तुमच्या मोबाइलवर फीडबॅकचा फॉर्म येऊन पडलाय, बरोबर? थांबा, लगेच भरू नका. लोक घाईघाईत भरतात आणि चुकून खरं लिहून बसतात. मी व्हॉलंटिअर होते, सगळे फॉर्म शेवटी माझ्याच एक्सेलमध्ये आले, ते वाचता वाचता कळलं की फीडबॅक देणं ही कला आहे आणि आपल्या गावात तिचे एकाहून एक उस्ताद आहेत. त्यांच्याकडून जे शिकले ते सांगते. फी नाही, तसंही संमेलन फुकटच होतं.

तर तयारी रजिस्ट्रेशनच्या मेलपासून सुरू करायची. त्यात ठळक अक्षरात लिहिलेलं असतं की इथे आधी ठरलेला अजेंडा नाही, वक्ते नाहीत, विषय तुम्हीच आणायचे आणि तुम्हीच बोलायचं. तेवढा भाग सोडून द्यायचा. पार्किंग कुठे आहे आणि जेवण आहे की नुसता नाश्ता, एवढं वाचलं की झालं. हे जपलंत तर पुढे फॉर्ममध्ये "अजेंडा आधी का पाठवला नाही" हे वाक्य तुम्हाला मनापासून लिहिता येतं, आणि मनापासून लिहिलेल्याची मजाच वेगळी असते.

कोणी म्हणेल की ही पद्धत आयोजकांनी काम टाळायला काढली. छे हो, त्यांना एवढं कुठलं सुचायला. हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन माणसाने 1983 साली एक मोठं संमेलन भरवलं, वर्षभर राबून, आणि शेवटी सगळ्यांनी सांगितलं की कॉफीच्या सुट्ट्या सगळ्यात मस्त होत्या. दुसरा कोणी असता तर आयुष्यभर रुसला असता, याने 1985 मध्ये सगळं संमेलनच कॉफीच्या सुट्टीसारखं केलं, गोल खुर्च्या, रिकामी भिंत, ज्याला जे बोलायचंय त्याने ते भिंतीवर लावायचं, आणि त्याला नाव दिलं ओपन स्पेस. पुढे 2006 साली शिकागोत जेफ्री फ्रेडरिक आणि पॉल ज्युलियस या दोघांनी त्याच पद्धतीवर सिटकॉन सुरू केलं, खास कंटिन्युअस इंटिग्रेशन (म्हणजे सगळ्यांचा कोड सतत एकत्र जोडून तपासत राहणं) आणि टेस्टिंगवाल्यांसाठी, शुक्रवारी संध्याकाळी विषय ठरवायचे आणि शनिवारी दिवसभर बोलायचं. पण मुद्दा काय, ही अख्खी पद्धत एका फीडबॅकमधून जन्माला आली आणि तो फीडबॅक कॉफीबद्दल होता. त्यामुळे तुम्ही चहाबद्दल लिहायला अजिबात लाजू नका, तुमच्या मागे परंपरा उभी आहे.

आता शुक्रवार संध्याकाळचा प्रसंग. हॉलमध्ये शिरलात, खुर्च्या गोल मांडलेल्या, मध्ये जमिनीवर पिवळ्या चिठ्ठ्या आणि मार्कर, जणू आता हळदीकुंकू सुरू होणार. लगेच एक खुर्ची गोलाच्या बाहेर ओढा आणि भिंतीला पाठ लावून बसा. चिठ्ठी मात्र घ्या. तिच्यावर तुम्हाला खरंच छळणारा विषय लिहा. म्हणजे समजा, तुमच्या टीममध्ये टेस्ट लाल झाली, म्हणजे फेल गेली, की रीरन मारतात, म्हणजे तीच पुन्हा चालवतात, पुन्हा लाल, पुन्हा रीरन, तिसऱ्यांदा हिरवी, म्हणजे पास, झाली की पटकन कोड मर्ज, आणि कोणी विचारलंच तर कोडमधला पाच सेकंद थांबायचा स्लीप दहा करून टाकतात, तर चिठ्ठीवर "फ्लेकी टेस्टचं काय करायचं?" (फ्लेकी म्हणजे कोड तोच, पण टेस्ट कधी पास कधी फेल) असं लिहा. छान अक्षरात लिहा. आणि चिठ्ठी खिशात ठेवा.

उठून भिंतीपर्यंत जायचं नाही. कारण लोक काय म्हणतील, याच्याकडे टेस्ट फ्लेकी आहेत? गूगलने 2016 मध्ये चारचौघांत सांगितलं की त्यांच्या जवळपास 16 टक्के टेस्टमध्ये कमीजास्त फ्लेकीपणा आहे, पण ते गूगल आहे, त्यांना चालतं, आपल्याला विजयनगरमध्ये राहायचंय आणि शेजारच्या कंपनीतला साडभाऊ त्याच हॉलमध्ये बसलाय. शिवाय कोणीतरी लावेलच ना ती चिठ्ठी. सगळ्या हॉलला नेमकं हेच वाटतं, मग भिंतीवर फ्लेकी टेस्ट येतच नाहीत, आणि दोन दिवसांनी माझ्या एक्सेलमध्ये ओळीवर ओळ तीच: "फ्लेकी टेस्टसारख्या महत्त्वाच्या विषयावर एकही सेशन नव्हतं, निराशा झाली." मला तर एकेका ओळीबरोबर एकेक खिसा दिसायला लागला होता.

शनिवारी सेशनमध्ये गेल्यावर अजून एका गोष्टीपासून सांभाळून राहा, तिला ते लोक दोन पायांचा नियम म्हणतात. जिथे तुम्ही काही शिकत नाहीयात आणि काही देतही नाहीयात तिथून उठा, आपले दोन पाय वापरा आणि दुसरीकडे जा, कोणाला वाईट वाटणार नाही. जे असे हिंडतात त्यांना भुंगे म्हणायचं, इकडचा पराग तिकडे नेणारे, आणि जे नुसते कोपऱ्यात सुंदर बसतात ती फुलपाखरं. आता आपल्या संस्कारात हे बसतं का? मराठी माणूस एकदा सतरंजीवर बसला की वक्त्याने आभार मानेपर्यंत उठत नाही, मग व्याख्यान कळो ना कळो. तुम्हीही बसूनच राहा. कंटेनरवरच्या सेशनमध्ये चुकून शिरलात ना, तर तासभर लॅपटॉप उघडून ऑफिसची पाइपलाइन दुरुस्त करत बसा आणि फॉर्ममध्ये लिहा, "सेशन माझ्या कामाचं नव्हतं, वेळ वाया गेला."

गंमत मी तुम्हाला सांगते, त्याच शनिवारी रात्री हीच मंडळी सराफ्यात होती. सराफा तुम्हाला माहीतच आहे, दिवसा सोनं, रात्री दुकानांची शटरं पडली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटिस, मावाबाटी, थंडीत गराडू. तिथे कोणी अजेंडा मागितला? कोणी विचारलं की दहीवड्याचे वक्ते कोण आहेत? सकाळी एका खुर्चीला चिकटलेला एक भिया (आपल्या इंदुरी बोलीतला भैया) तिथे काय पळत होता म्हणून सांगू, या ठेल्यावर गर्दी दिसली की पुढच्या ठेल्यावर, तिथला कीस तिखट लागला तर अर्धा दोना मित्राच्या हातात देऊन जिलेबीकडे, आणि वाटेत भेटेल त्याला सांगतोय की तिकडे जा, तिकडचा गरम आहे. भुंगा, साक्षात भुंगा. आणि त्याच रांगेत मला म्हणतो काय, "ताई, आमच्या टीमला ना टेस्टच्या रीरनने वेड लागायची वेळ आलीये, तुम्ही लोक काय करता?" त्यावर तिथे पाऊण तास चर्चा झाली, उभ्या उभ्या, हातात दोने धरून, बाजूचे दोघं अनोळखी त्यात घुसले, एकाने सांगितलं की ते अशा टेस्ट वेगळ्या काढून ठेवतात, त्यांच्यामुळे बिल्ड अडवत नाहीत, पण प्रत्येकीवर माणसाचं नाव आणि तारीख टाकतात, नाहीतर ती टेस्ट तिथेच म्हातारी होते. संमेलनातलं सगळ्यात चांगलं सेशन ते. फॉर्ममध्ये त्याचा उल्लेख कोणीही केलेला नाही, त्या भियाने तर नाहीच, तो लिहितो: "प्रॅक्टिकल काही मिळालं नाही."

इंटिग्रेशनचं एक सेशन मात्र खरंच रंगलं होतं, तिथे कोणीतरी नासाच्या मंगळयानाची गोष्ट काढली, 1999 ची, ज्यात जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर पौंडात आकडे देत होतं आणि पुढचं ते न्यूटनमध्ये समजून घेत होतं, दोघांचे आकडे आपापल्या मापात बरोबर, आणि यान गेलं. तर मागून एक काका म्हणाले, यात काय नवीन, आमच्या आजीचा तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वरचा आणि आजच्या सराफाचा तोळा 10 ग्रॅमचा, सुनेच्या पाटल्यांवरून घरात जे झालं ते इंटिग्रेशन टेस्टिंगच होतं. हसून हसून पुरेवाट. या सेशनबद्दल एका फॉर्ममध्ये आलं "फार बेसिक", दुसऱ्यात "फार ॲडव्हान्स्ड" आणि तिसऱ्यात "विषयाला सोडून". तुम्ही यातलं कुठलंही निवडा.

आता मार्क. "हे संमेलन मित्राला सुचवाल का, 0 ते 10" असा प्रश्न असतो. आपल्यावर लहानपणापासून बिंबलेलं आहे की 60 टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, आणि 10 पैकी 10 फक्त देवाला, तेही नवस फेडताना. त्यामुळे फार आवडलं तर 8 द्या, ठीक वाटलं तर 6. पलीकडे त्या मोजणीत 9 आणि 10 वालेच खुश धरतात, 7-8 कोणाच्याच खात्यात नाहीत, आणि 6 पासून खाली सगळे नाराज. म्हणजे तुम्ही कौतुकाने फर्स्ट क्लास दिलात आणि आयोजकांच्या तक्त्यात तुमचं नाव शत्रूंत पडलं. काही बिघडत नाही, त्यांना तेवढीच झोप कमी.

मोकळ्या जागेत काय लिहायचं हा प्रश्न पडत असेल तर पोहे आहेतच. आमच्याकडच्या सगळ्यात लांब उत्तरात टेस्टिंगबद्दल दोन शब्द होते, "चांगलं होतं" (मोजून दोन), आणि बाकी पूर्ण परिच्छेद पोह्यांवर: इंदुरी वाफेवरचे पोहे ठेवले, सेव, जीरावण, सोबत जिलेबी, सगळं मान्य, पण मराठी मंडळी एवढी येणार हे माहीत असताना मोहरीची फोडणी आणि वरून ओलं खोबरं असे आपले पोहे एका बाजूला ठेवायला काय हरकत होती? मुद्देसूद, पुराव्यासह, पर्यायी उपाय सुचवलेला. इतका सुंदर बग रिपोर्ट मला ऑफिसात आजवर कोणी दिलेला नाही, तिथे नुसतं "लॉगिन चालत नाहीये" एवढंच येतं.

आणि हो, समारोपाच्या गोलात प्रत्येकाला एकेक वाक्य बोलायचं असतं, तेव्हा सगळ्यांसमोर "खूप शिकायला मिळालं, असं दरवर्षी व्हायला हवं" म्हणा, टाळ्या घ्या, आणि खरं काय ते घरी जाऊन, नाव न टाकता, रात्री साडेअकराला लिहा.

फॉर्मच्या अगदी खाली एक प्रश्न आहे, "पुढच्या वेळी तुम्ही कोणता विषय घेऊन याल?" तो रिकामा सोडा. काही होत नाही. मीच तो आधी कंपल्सरी ठेवला होता, लाल चांदणीसकट, तर दोन दिवस एकही फॉर्म सबमिट होईना आणि मला वाटलं लिंक बिघडली, म्हणून स्वतः तीनतीनदा टेस्ट केली, प्रत्येक वेळी हिरवी. शेवटी चांदणी काढली. जेवायला बसले तोवर पोह्यांचा परिच्छेद आला होता.